व्याप्त मुलखाच्या नोटा : एकेकटी नको, जोडीनं जमवा

टिपकागद

जुन्या परदेशी नोटा जमवणाऱ्या कुणाचाही अल्बम उघडा, दुसऱ्या महायुद्धात जपाननं जिंकलेल्या, म्हणजे व्याप्त, मुलखांत चालवण्यासाठी छापलेली एखादी नोट त्यात सापडतेच. केळीच्या झाडाची १० डॉलरची, नाहीतर फिलिपिन्सचा राष्ट्रीय नायक रिझाल याच्या स्मारकाची पेसोची. या नोटा अमाप छापल्या गेल्या, युद्ध संपताच रद्द झाल्या आणि म्हणून गठ्ठ्यांनी शिल्लक राहिल्या. सहज मिळतात, कोऱ्या करकरीत मिळतात. त्यामुळे मुरलेले संग्राहक त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत आणि नवखे दोन-चार घेऊन पुढे सरकतात.

मला हे पटत नाही. आक्रमण, लूट आणि फसलेलं वचन हे सगळं एका हातभर अंतरावर दाखवणाऱ्या दुसऱ्या वस्तू फार थोड्या आहेत. पण ही नोट एकटी ठेवली तर यातलं काहीच दिसत नाही. म्हणून माझा आग्रह असा, की व्याप्त मुलखाची नोट जोडीनं जमवावी. एक जेत्यानं आणलेली, आणि तिच्याशेजारी तिनं जिला हुसकावलं किंवा जिनं तिला जुमानलं नाही अशी दुसरी.

आधी ती मलायाची १० डॉलरची नोट नीट बघू. केळीचं झाड, लोंबणारा घड, भोवती फळं. मागच्या बाजूला समुद्र आणि क्षितिजावर जहाज. याच केळीवरून या पैशाला मलाया-सिंगापुरात 'बनाना मनी' नाव पडलं. मजकूर इंग्रजीत : जपानी सरकार धारकास मागणी करताच दहा डॉलर देण्याचं वचन देतं. खाली जपानी अक्षरांत 'महान जपानच्या साम्राज्याचं सरकार'. आता काय नाही ते बघा. तारीख नाही. बँकेचं नाव नाही. कुणाची सही नाही. सुरुवातीच्या काही नोटा सोडल्या तर क्रमांकही नाही. आणि ज्या देशात ही चालवायची त्या देशाचं नावसुद्धा कुठे नाही! ती मलायाची आहे हे कळतं फक्त 'एम' या अक्षरावरून.

तशी अक्षरं पाच. 'एम' मलायासाठी (सारावाक, ब्रुनेई, उत्तर बोर्निओ यांतही हीच चालली), 'पी' फिलिपिन्ससाठी, 'बी' ब्रह्मदेशासाठी, 'एस' डच ईस्ट इंडीजसाठी आणि 'ओ' ओशनियासाठी, म्हणजे न्यू गिनी, सॉलोमन, गिल्बर्ट या बेटांसाठी. त्या त्या मुलखात जे एकक चालत होतं तेच छापलं : डॉलर, पेसो, रुपये, गुल्डन, पौंड-शिलिंग. ब्रह्मदेशाच्या मालिकेत एक गंमतीदार विसंगती आहे. रुपया तिथे १६ आण्यांचा होता, पण जपान्यांनी चिल्लर सेंटमध्ये काढली : १, ५ आणि १० सेंट, मग पाव आणि अर्धा रुपया.

या नोटा आक्रमणाच्या आधीच छापून तयार होत्या आणि सैन्याबरोबर किनाऱ्यावर उतरल्या. त्यांचा दर स्थानिक पैशाच्या बरोबरीचा जाहीर झाला. एवढं केलं की पुढचं काम आपोआप होतं. भात, रबर, कथील, मजुरी हे सगळं खरं, बदल्यात दिलेला कागद मात्र कशाचाही आधार नसलेला. नाही म्हणायची सोय कुणालाच नव्हती. १९४२ मध्ये 'नानपो काइहात्सु किंको' ही दक्षिणेकडच्या मुलखांसाठीची वित्तसंस्था स्थापन झाली आणि १९४३ पासून नोटा काढण्याचं काम तिच्याकडे गेलं, तरी नोटेवरचं वचन तसंच राहिलं.

महागाई बघायची असेल तर वेगळं पुस्तक नको, मूल्यांचा क्रम लावा. मलायात सुरुवात १ सेंट ते १० डॉलर अशी. १९४४ च्या सुमारास १०० डॉलर, १९४५ मध्ये १००० डॉलर. फिलिपिन्समध्येही आधी १० पेसोपर्यंत, मग १००, ५०० आणि शेवटी १०००. एक सेंटची चिटुकली नोट आणि हजार डॉलरची नोट एकाच पानावर लावा. मध्ये जेमतेम साडेतीन वर्षं आहेत. मलायात सप्टेंबर १९४५ मध्ये हा पैसा रद्द ठरला, इतरत्रही त्याची गत तीच झाली. ज्यांनी आपला माल, घाम किंवा जमीन देऊन तो घेतला होता त्यांच्या हाती रद्दी उरली.

आता जोडी. फिलिपिन्सपासून सुरुवात करतो, कारण तिथली जोडी सगळ्यात बोलकी आहे. जपानी पेसो चालू असतानाच बोहोल, नेग्रोस, इलोइलो, मिंडानाओ अशा ठिकाणी प्रतिकार करणाऱ्यांनी स्वतःच्या आणीबाणीच्या नोटा काढल्या. त्यासाठी स्थानिक चलन मंडळं नेमली होती. कागद मिळेल तो, अगदी सामान गुंडाळायचा तपकिरी कागदसुद्धा. छपाई ओबडधोबड, शाई कुठे पुसट कुठे गच्च. पण त्यांवर प्रांताचं नाव आहे, तारीख आहे, क्रमांक आहे आणि मंडळाच्या सदस्यांच्या सह्या आहेत. अशी नोट जवळ सापडली तर जपानी अमलात देहदंड होऊ शकत होता, आणि तरी या माणसांनी खाली आपलं नाव लिहिलं. युद्धानंतर नोंदणी झालेल्या अशा नोटांची परतफेडही झाली. शेजारी ती रिझालच्या स्मारकाची जपानी नोट ठेवा : सुबक छपाई, छान रंग आणि जबाबदारी घेणारं एकही नाव नाही.

तुमच्याकडे अशा कोणत्या जोड्या आहेत? कुणी वेगळ्या पद्धतीनं लावत असेल तर तेही लिहा.

अनवट

वाचनखूण साठवली आहे. माझ्याकडे मलायाच्या चार-पाच नोटा आहेत आणि त्यांतल्या दोनच नोटांवर क्रमांक आहे. बाकीच्या खोट्या असाव्यात असं एकानं सांगितल्यामुळे त्या मी वेगळ्या काढून ठेवल्या होत्या. म्हणजे त्या खऱ्या असू शकतात?

टिपकागद

@अनवट, असू शकतात नव्हे, बहुधा खऱ्याच आहेत. सुरुवातीला ब्लॉक अक्षरं, म्हणजे छपाईचा गट दाखवणारी अक्षरं, आणि पुढे क्रमांक असा प्रकार होता. छपाईचा रेटा वाढला तसा क्रमांक गेला आणि नुसती अक्षरं उरली. अक्षरं दोन तऱ्हांची दिसतात. 'एम' आणि पुढे आणखी एक-दोन अक्षरं सलग, नाहीतर अपूर्णांकासारखी तिरक्या रेघेच्या वर-खाली. कागदही बघा. काही छपाईत रेशमी धागे सापडतात, काहींत किरीच्या फुलांचं जलचिन्ह आहे, उशिराच्या नोटांत कागद साधा होत गेला. एकाच मूल्याच्या नोटा अशा क्रमानं लावल्या की घसरण डोळ्यांना दिसते. त्या वेगळ्या काढलेल्या नोटा परत अल्बममध्ये घ्या.

रेघोटी

उत्तम धागा. हाँगकाँगची जोडी मी सांगते, कारण तिथे दोन नोटा शेजारी ठेवल्या तरी फरक दिसत नाही, आणि खरी कथा तीच आहे.

२५ डिसेंबर १९४१ ला हाँगकाँग पडलं. जपान्यांनी तिथे लष्करी येन आणला. दर आधी २ हाँगकाँग डॉलरला १ येन, जुलै १९४२ मध्ये तो ४ डॉलरला १ येन केला. एका फटक्यात लोकांची पुंजी निम्म्यावर आली. जून १९४३ पासून डॉलर बाळगणंच बेकायदा ठरलं. हा झाला व्याप्त पैसा, त्याच्या नोटा मिळतात.

पण त्याच वेळी हाँगकाँग अँड शांघाय बँकेच्या तिजोरीत छापून ठेवलेल्या, अजून चलनात न आलेल्या नोटा पडून होत्या. जपान्यांनी बँकेच्या अधिकाऱ्यांना बंदराजवळच्या एका कळकट हॉटेलात डांबलं, तिथून त्यांना रोज बँकेत चालवत नेलं आणि त्या नोटांवर सह्या करायला लावल्या. सुमारे ११ कोटी ९० लाख हाँगकाँग डॉलरच्या नोटा अशा बाहेर काढल्या गेल्या. जपान्यांना मकाव, चीन अशा ठिकाणी खरेदीसाठी लोकांना विश्वास वाटेल असा पैसा हवा होता, आणि तो त्यांच्या स्वतःच्या येनला नव्हता.

या नोटांना 'ड्यूरेस नोट्स' म्हणतात. धमकीखाली सही झालेल्या नोटा. कागद अस्सल, छपाई अस्सल, सहीसुद्धा अस्सल. वेगळेपण फक्त क्रमांकाच्या टप्प्यात. कॅटलॉगमधले टप्पे ताडून बघितल्याशिवाय साधी नोट कोणती आणि धमकीची कोणती हे सांगता येत नाही. १९४६ मध्ये बँकेनं त्या ग्राह्य धरल्या. बँकेचे मुख्य व्यवस्थापक व्हॅन्डलर ग्रेबर्न मात्र ते बघायला नव्हते, ऑगस्ट १९४३ मध्ये स्टॅनलीच्या तुरुंगात त्यांचा मृत्यू झाला.

लष्करी येन धरून बसलेल्यांना काहीच मिळालं नाही. त्यांच्या संघटनेनं जपानमध्ये दावा लावला आणि जून १९९९ मध्ये टोकियोच्या जिल्हा न्यायालयानं तो फेटाळला. म्हणजे धमकीनं सही करून घेतलेली नोट वटली, आणि सरकारनं राजरोस दिलेली बुडाली. माझ्या पानावर या दोन नोटा वर-खाली लावल्या आहेत.

खडूफळा

टिपकागदजी, लेख आवडला तरी थोडा विरोध नोंदवतो. नवख्या माणसाला तुम्ही फार अवघड वाट दाखवताय. जपानी नोट सहज मिळते, पण तिची जोडीदार? फिलिपिन्सच्या प्रतिकाराच्या नोटा फाटक्या, चुरगळलेल्या मिळतात. हाँगकाँगची धमकीची नोट चांगल्या स्थितीत हवी असेल तर खिसा मोठा लागतो. युद्धापूर्वीची मलायाची नोट तर लोकांनी अशी काही दडवली, वापरली, बदलून घेतली की चांगली सापडणं कठीण. जोडी मिळेपर्यंत थांबायचं ठरवलं तर माणूस छंदच सोडून देईल.

मी स्वतः आधी पाच अक्षरं पूर्ण करा असं सांगेन. 'ओ' मालिका तर चारच मूल्यांची आहे : अर्धा शिलिंग, १ शिलिंग, १० शिलिंग आणि १ पौंड. चार नोटांत एक देश, म्हणजे बेटं, पूर्ण. त्यातून गोडी लागते, नजर तयार होते. जोडीचं नंतर बघता येईल.

टिपकागद

@खडूफळा, अडचण खरी आहे. पण जोडीतली दुसरी नोट कोरीच हवी हा हट्ट का? या विषयात तरी मळलेली नोट मला कोऱ्या नोटेइतकीच मोलाची वाटते. जपानी नोट कोरी असते कारण ती गठ्ठ्यात पडून राहिली. प्रतिकाराची नोट चुरगळलेली असते कारण ती कुणीतरी कंबरेला, बांबूच्या नळीत, छपरात दडवून फिरवली. ती स्थिती म्हणजे त्या नोटेचा इतिहास आहे. ग्रेडिंगचा, म्हणजे नोटेच्या स्थितीला दिलेला, आकडा इथे दुय्यम धरावा.

आणि सगळ्या जोड्या महाग नाहीत. मलायाचंच घ्या. सहाव्या जॉर्जच्या चित्राची, १ जुलै १९४१ तारखेची १ डॉलरची नोट. तारीख युद्धाआधीची असली तरी ती लोकांच्या हाती आली जपान हरल्यावर, ब्रिटिश लष्करी प्रशासनाबरोबर. म्हणजे केळीची नोट ज्या दिवशी मेली त्या दिवशी तिच्या जागी आलेली नोट हीच. ती बऱ्यापैकी सापडते. पाच अक्षरं जमवायलाही माझा विरोध नाही, फक्त तिथे थांबू नका.

कावेरी

जर्सी बेटाबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. जून-जुलै १९४० मध्ये जर्मनांनी जर्सीसकट इंग्लिश खाडीतली ब्रिटिश चॅनेल बेटं घेतली आणि सोबत 'रायखस्क्रेडिटकासेन'च्या नोटा आणल्या. मार्कच्याच, पण खुद्द जर्मनीत न चालणाऱ्या, फक्त व्याप्त देशांसाठी काढलेल्या. ५० फेनिशपासून ५० मार्कपर्यंत. पोलंडपासून फ्रान्सपर्यंत याच नोटा फिरल्या. फ्रान्सवर २० फ्रँकला १ मार्क असा दर लादला होता, जो जर्मनांना भलताच फायद्याचा होता.

जर्सीत नाणी दिसेनाशी झाली, सुट्ट्या पैशांची ओरड सुरू झाली, तेव्हा तिथल्या शासनानं १९४२ मध्ये स्वतःच्या नोटा काढल्या : ६ पेन्स, १ शिलिंग, २ शिलिंग, १० शिलिंग आणि १ पौंड. चित्रं काढली बेटावरचेच चित्रकार एडमंड ब्लॅम्पिड यांनी. विषय सगळे रोजचे. घोडागाडी, गाय, शेतात खतासाठी समुद्रातलं शेवाळ गोळा करणारी माणसं.

माझी आवडती आहे ती ६ पेन्सची. तिच्या मागच्या बाजूला 'सिक्स' हा शब्द मोठ्या अक्षरांत आहे आणि त्यातलं 'एक्स' मुद्दाम लांबवलेलं आहे. नोट आडवी मधोमध दुमडली की 'एक्स'चा खालचा भाग जातो आणि उरतो 'व्ही', विजयाचा. जर्मन सैनिकांच्या देखत हे दुकानादुकानांत फिरत होतं. ब्लॅम्पिड यांनी पुढे बेटाच्या टपाल तिकिटांतही राजाची आद्याक्षरं अशीच लपवली. माझ्याकडच्या ६ पेन्सच्या नोटेला बरोबर मधोमध पक्की घडी आहे, आणि मी ती सरळ करायचा विचारही करत नाही.

शेजारच्या गर्न्सी बेटानं पण अशा छोट्या नोटा काढल्या, काही निळसर फ्रेंच कागदावर. चित्रकाम मात्र जर्सीच्या तोडीचं नाही.

जुनी_पाने

धागा दुसऱ्या महायुद्धातच अडकलाय, म्हणून थोडं मागे जातो. पहिल्या महायुद्धात बेल्जियमच्या राष्ट्रीय बँकेनं जर्मन पोहोचण्याआधी आपला साठा आणि छपाईच्या प्लेटा हलवल्या. चिडून जर्मनांनी तिचा नोटा काढण्याचा हक्क काढून घेतला आणि 'सोसिएते जेनेराल' या खासगी बँकेला दिला. १९१५ ते १९१८ च्या त्या नोटांवर राणी लुईझ-मारी आणि चित्रकार रुबेन्स आहेत. व्याप्त देशाची नोट, जर्मनांच्या परवानगीची, पण चित्रं अस्सल बेल्जियन. राष्ट्रीय बँकेची युद्धापूर्वीची नोट शेजारी लावली की टिपकागद म्हणतात ती जोडी झाली.

पूर्वेकडे वेगळं. लिथुआनिया, लाटव्हियाच्या पट्ट्यात जर्मनांनी आधी १९१६ मध्ये पोझेन इथून रुबलच्या नोटा काढल्या, मग १९१८ मध्ये कोव्हनो इथून मार्कच्या. मागच्या बाजूला नकली नोट केल्यास काय शिक्षा होईल हे अनेक भाषांत छापलेलं आहे. नोटेचा अर्धाअधिक भाग धमकीनंच भरलाय.

मनस्विनी

मला एक प्रश्न बराच काळ छळतोय, इथे विचारते. नाझींनी ज्यूंना डांबलेल्या थेरेसिएनश्टाट वस्तीच्या नोटा अनेकांच्या संग्रहात असतात. १९४३ सालच्या, दहा आज्ञांच्या शिळा हातात धरलेल्या मोझेसच्या चित्राच्या. ते चित्र पेटर कीन या तिथल्याच कैद्याकडून काढून घेतलं होतं. १९४४ मध्ये त्याचा आउश्विट्झमध्ये अंत झाला. त्या पैशानं विकत घेण्यासारखं तिथे जवळजवळ काही नव्हतंच, बाहेरून येणाऱ्यांना दाखवायला उभा केलेला तो देखावा होता. पोलंडमधल्या वुज शहरातल्या ज्यू वस्तीच्या १९४० च्या नोटा त्याहून वाईट. लोकांकडचा खरा पैसा काढून घेतला आणि बदल्यात त्या कुंपणाबाहेर कवडीची किंमत नसलेल्या पावत्या दिल्या.

अशा वस्तू आपण 'छंद' म्हणून जमवाव्यात का? बाजारात त्यांची देवाणघेवाण होते तेव्हा मला अस्वस्थ वाटतं.

रेघोटी

@मनस्विनीताई, मलाही वाटतं. मी माझ्यापुरतं ठरवलंय की त्या नोटा जमवायच्या नाहीत. त्यांची जागा संग्रहालयात, त्या ठिकाणच्या इतर कागदपत्रांसोबत.

टिपकागद

@मनस्विनी, रेघोटी, माझं मत थोडं निराळं आहे. जमवू नये असं मी म्हणणार नाही, पण कशी ठेवली आहे यावर बरंच अवलंबून आहे. मोझेसचं चित्र छान म्हणून १०० क्रोनेनची नोट इतर रंगीत नोटांत खोचली असेल तर ते मला सहन होत नाही. कीनचं नाव, साल आणि हा पैसा कशासाठी काढला हे तिच्याखाली लिहिलेलं असेल तर बघणारा काहीतरी घेऊन जातो. जपानी नोटेलाही हेच लागू आहे. केळीच्या त्या कागदापायी कितीतरी घरं धुऊन निघाली. फिलिपिन्समध्ये या नोटाधारकांची संघटना उभी राहिली होती. लोकांनी साठवलेल्या नोटा जमा करून त्यांवर तिनं आपला शिक्का मारला आणि भरपाई मागितली. १९६७ मध्ये अमेरिकेच्या दाव्यांच्या न्यायालयानं ती नाकारली. त्या जांभळट शिक्क्याच्या नोटा आज 'शिक्का मारून खराब केलेल्या' म्हणून बाजूला टाकल्या जातात. माझ्या लेखी कोऱ्या नोटेपेक्षा ती शिक्क्याची नोट शंभर पटीनं महत्त्वाची आहे, कारण तिला मालक होता आणि त्यानं ते वचन पाळायला सांगितलं.

मनस्विनी

हे पटलं. नोटेखाली लिहायचं, हे माझ्याकडून आजवर राहिलंच होतं असं नाही, पण फक्त देश, मूल्य आणि पिक क्रमांक, म्हणजे 'पिक' कॅटलॉगमधला क्रमांक, लिहीत आले. तेवढं पुरेसं नाही.

दुपारची_सावली

शिक्क्यांचा विषय निघालाच आहे तर सावधगिरीचं सांगतो. या नोटा मुबलक असल्यामुळे नोट खोटी निघण्यापेक्षा नोटेवरचा ओव्हरप्रिंट, म्हणजे तयार नोटेवर नंतर छापलेला मजकूर, खोटा निघण्याची शक्यता जास्त. दोस्त राष्ट्रांनी फिलिपिन्समध्ये खऱ्या जपानी नोटांच्या मागे 'सहसमृद्धी मंडल, याची किंमत काय?' अशा अर्थाची, जपानच्या युद्धकाळातल्या घोषणेची टर उडवणारी इंग्रजी ओळ छापून त्या प्रचारासाठी टाकल्या. त्या ओळीमुळे साधी नोट दुर्मीळ होते, मग साहजिकच ती ओळ नंतर छापणारेही निघाले. भिंगाखाली बघा. नोटेला घडी पडलेली असेल आणि ओव्हरप्रिंटची शाई घडीतल्या तुटलेल्या तंतूंत झिरपली असेल, तर छपाई घडीनंतरची आहे. म्हणजे नोट वापरून झाल्यावर कुणीतरी ती ओळ छापली असावी असा संशय घ्या.

दोस्तांनी या नोटांच्या हुबेहूब नकलाही केल्या होत्या. अमेरिकी सेनापती मॅकआर्थर यांनी मागणी केली, अमेरिकेत छापल्या, फिलिपिन्समध्ये गनिमी काव्यानं लढणाऱ्यांच्या हाती पोहोचवल्या. त्यासाठी योग्य तंतूंचा कागद शोधावा लागला होता. त्या ठरावीक ब्लॉक अक्षरांवरून ओळखतात.

जिंकणाऱ्यांचा पैसाही या विषयात धरायला हवा. १९४४ चे, जर्मनीत चालवलेले दोस्तांचे लष्करी मार्क बघा. बॉस्टनच्या फोर्ब्स कंपनीनं छापलेल्या नोटेच्या नक्षीत इवलासा 'एफ' लपवलेला आहे. प्लेटा रशियालाही दिल्या गेल्या. रशियन छपाईत तो 'एफ' नाही आणि क्रमांकाच्या आधी आडवी रेघ असते. रशियानं त्या भरमसाट छापल्या आणि बराच भार अमेरिकेच्या तिजोरीवर पडला. 'एफ'वाली आणि रेघवाली अशी जोडी अगदी आवाक्यातली आहे. खडूफळा, तुमच्यासाठी ही घ्या.

अनवट

ठेवायच्या कशा, हेही कुणीतरी लिहा. माझ्या नोटा साध्या प्लॅस्टिकच्या पाकिटात आहेत आणि एक-दोन चिकट लागायला लागल्यात.

दुपारची_सावली

ते पीव्हीसी जातीचं प्लॅस्टिक असणार. आजच बाहेर काढा. पॉलिएस्टरची, म्हणजे मायलारची पाकिटं वापरा. लॅमिनेशन अजिबात नको. धुणं, इस्त्री, डाग घालवणं, सेलोटेपनं चिकटवणं यातलं काहीही करू नका. टाचणीचा गंज असेल तर टाचणी अलगद काढा, डाग राहू द्या. जे लिहायचं ते वेगळ्या आम्लमुक्त चिठ्ठीवर, नोटेवर पेन्सिलचा ठिपकासुद्धा नको. उजेडात भिंतीवर लावायची हौस असेल तर छायाप्रत लावा.

खडूफळा

मार्कची जोडी शोधतो, धन्यवाद. टिपकागदजी, ब्रह्मदेशाची जोडी काय लावता? 'बी'च्या १ आणि ५ रुपयांच्या नोटा माझ्याकडे आहेत.

टिपकागद

@खडूफळा, ब्रह्मदेशाची तर तिकडी लावा. १९३७ मध्ये ब्रह्मदेश भारतापासून वेगळा झाला तरी तिथल्या नोटा रिझर्व्ह बँक ऑफ इंडियाच काढत होती. १९३८ च्या मालिकेतली ५ रुपयांची नोट, सहावा जॉर्ज, खाली गव्हर्नर जे. बी. टेलर यांची सही. ही पहिली. मधे तुमची 'बी'ची ५ रुपयांची, बिनसहीची. आणि तिसरी १९४५ ची : रिझर्व्ह बँकेची नेहमीची भारतीय ५ रुपयांची नोट, तिच्यावर ब्रह्मदेशच्या लष्करी प्रशासनाचं नाव आणि 'फक्त ब्रह्मदेशात ग्राह्य' असा इंग्रजी ओव्हरप्रिंट. याच ओव्हरप्रिंटच्या १, १० आणि १०० रुपयांच्या नोटाही आहेत, पण ५ ची घ्या म्हणजे तिन्ही मूल्यं सारखी राहतील. तिसरी घेताना सावलींनी सांगितलेली घडीची तपासणी आधी करा. याच्याच पुढे थोड्या काळानं चलन मंडळाच्या नावाचा दुसरा ओव्हरप्रिंट आला, तो वेगळा, गल्लत होऊ देऊ नका. पहिली नोट मिळायला सगळ्यात वेळ लागेल. तोवर तिची जागा पानावर रिकामी सोडा आणि तिथे चिठ्ठी लावून ठेवा.